अल्पवयीन मुलांना बेड्या घालून न्यायालयात आणता येतं का? अमेरिकेतले नियम कसे बदलले आणि भारतातला कायदा काय सांगतो

तेरा-चौदा वर्षांचं मूल. आरोप शाळेतल्या मारामारीचा किंवा दुकानातून वस्तू उचलल्याचा. अजून काहीही सिद्ध झालेलं नाही. तरीही न्यायाधीशांसमोर येताना हातात बेड्या, पायात बेड्या आणि कमरेला साखळी.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अगदी अलीकडेपर्यंत हे रोजचं दृश्य होतं. मुलाचं वय, अंगकाठी, आरोप किंवा आधीचं वागणं यातलं काहीही न बघता कोठडीतून येणाऱ्या प्रत्येकाला एकच पद्धत लागू व्हायची. २००६ नंतर हे चित्र बदलू लागलं. आज तिथल्या ३० हून अधिक राज्यांत मुलांना सरसकट बांधून न्यायालयात उभं करण्यावर कुठल्या ना कुठल्या स्वरूपात मर्यादा आहेत.

हे कसं घडलं? मुलाचे हात मोकळे सोडले तर न्यायालयात गोंधळ होतो का? आणि भारतात, महाराष्ट्रात पोलिसांना अल्पवयीन मुलाला हातकडी घालता येते का? समजून घेऊया.

'बंधनं' म्हणजे नेमकं काय?

हातकडी सगळ्यांना माहीत असते. पण अमेरिकी न्यायालयांत मुलांवर वापरली जाणारी साधनं तेवढ्यावर थांबत नव्हती. दोन पायांना जोडणारी आखूड साखळी असायची, तिच्यामुळे मोठं पाऊल टाकता येत नाही. कमरेभोवती पट्टा किंवा साखळी असायची आणि हातकडी तिलाच अडकवलेली असायची, म्हणजे हात पोटापासून वर उचलताच येत नाहीत. फ्लोरिडा राज्याने २००९ मध्ये केलेल्या नियमात हातकड्या, साखळ्या आणि लोखंडी बेड्यांसोबत हात अंगाशी जखडून ठेवणाऱ्या जाकिटाचाही उल्लेख आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. एखादं मूल समोरच्यावर धावून गेलं आणि त्याला आवरण्यासाठी काही क्षण धरावं लागलं, तर तो प्रश्न वेगळा. वाद आहे तो शांत बसलेल्या मुलालाही केवळ 'पद्धत आहे' म्हणून बांधून ठेवण्याचा.

मुलांसाठीचं न्यायालय तर सौम्य असायला हवं ना?

कल्पना तीच होती. जगातलं पहिलं बाल न्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात सुरू झालं, असं मानलं जातं. मुलांना मोठ्यांसारखी शिक्षा देण्याऐवजी त्यांना सुधारण्याची संधी द्यावी, हा त्यामागचा विचार होता.

पण या सौम्यपणाची दुसरी बाजूही होती. 'हे मुलाच्या भल्यासाठीच चाललंय' असं म्हणत मोठ्या आरोपींना मिळणारे अनेक हक्क मुलांना दिलेच जात नव्हते. १९६४ मध्ये ॲरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलावर शेजारच्या महिलेला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप झाला. मोठ्या माणसाला या गुन्ह्यासाठी ५ ते ५० डॉलर दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद झाली असती. गॉल्टला मात्र वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश निघाला. त्याला वकील मिळाला नव्हता आणि तक्रारदार महिला सुनावणीला आलीही नव्हती.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. आरोपांची माहिती मिळण्याचा, वकील मिळण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मुलांनाही आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. बेड्यांचा मुद्दा त्या खटल्यात नव्हता. पण पुढे बेड्यांविरुद्ध लढणाऱ्या वकिलांना त्यातूनच आधार मिळाला: वकील मिळण्याचा हक्क असेल, तर त्या वकिलाशी धडपणे बोलता येण्याची स्थितीही हवी.

मोठ्या आरोपींच्या बाबतीत नियम काय होता?

आरोपीला बेड्यांशिवाय न्यायालयापुढे उभं करायचं, हा नियम बराच जुना आहे. इंग्लिश कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांच्या ग्रंथाच्या १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडातही तो सापडतो. पळून जाण्याचा उघड धोका असेल तरच त्याला अपवाद.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये 'डेक विरुद्ध मिसुरी' या खटल्यात हाच नियम ठामपणे मांडला. कार्मन डेक याला खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं होतं आणि फाशी द्यायची की जन्मठेप, हे ज्युरी ठरवत होती. त्या सुनावणीत त्याला सगळ्यांना दिसतील अशा बेड्या घातल्या होत्या. त्या विशिष्ट खटल्यात तशी गरज असल्याचं दाखवल्याशिवाय असं करता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी दिला.

न्यायालयाने या नियमामागची तीन कारणं सांगितली. पहिलं, दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, बेड्या त्या तत्त्वालाच धक्का देतात. दुसरं, वकिलाशी सल्लामसलत करणं आणि बचाव करणं अवघड होतं. तिसरं, न्यायालयाची स्वतःची प्रतिष्ठा कमी होते.

म्हणजे खुनात दोषी ठरलेल्या प्रौढ माणसाला जे संरक्षण मिळालं, ते दुकानातून चॉकलेट चोरल्याचा आरोप असलेल्या मुलाला मिळेलच याची खात्री नव्हती.

असं का?

कारण ज्युरी. डेक खटल्याचा निकाल ज्युरीसमोरच्या सुनावणीबद्दल होता. बेड्या बघून सामान्य माणसांचं मत कलुषित होईल, ही त्यातली मोठी चिंता होती. अमेरिकेत मुलांच्या खटल्यात ज्युरी असलीच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलं होतं. बहुतेक ठिकाणी मुलांचे खटले एकटे न्यायाधीशच ऐकतात. मग युक्तिवाद असा व्हायचा, की न्यायाधीश अनुभवी असतात, बेड्या बघून त्यांचं मत बदलत नाही, त्यामुळे मुलांना बांधून आणलं तरी नुकसान नाही.

इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच हा युक्तिवाद फेटाळला होता. तिथल्या एका प्रकरणात, न्यायालयाच्या खोलीत पुरेशी सुरक्षा नाही असं म्हणून मुलाला हातकडीतच बसवून ठेवलं गेलं. मोकळ्या हातांनी सुनावणीला हजर राहण्याचा हक्क केवळ ज्युरीपुढच्या खटल्यापुरता नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कॅलिफोर्नियात २००७ मध्ये अपील न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: इमारत गैरसोयीची आहे किंवा पहारेकरी कमी आहेत, या कारणांवरून सगळ्या मुलांना बांधता येणार नाही. कारण त्या मुलाच्या वागण्याशी निगडित हवं.

पण हे निकाल त्या-त्या राज्यापुरते होते. इतरत्र जुनी पद्धत चालूच राहिली.

ही पद्धत सुरू तरी कुणी ठेवली होती?

गंमत अशी, की अनेक ठिकाणी 'मुलांना बांधा' असा आदेश कुठल्याच न्यायाधीशाने दिलेला नव्हता. मुलांना कोठडीतून न्यायालयात गाडीने आणताना सुरक्षेसाठी बेड्या घातल्या जायच्या. हे काम शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिस प्रमुखाच्या माणसांकडे किंवा कोठडीच्या कर्मचाऱ्यांकडे असायचं. न्यायालयात पोहोचल्यावर त्या काढाव्यात असं कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या तशाच राहायच्या. प्रवासाची सोय हीच सुनावणीची रीत बनली.

म्हणूनच पुढच्या सगळ्या सुधारणांचा गाभा एकच राहिला: बंधन घालायचं की नाही हे न्यायाधीशांनी ठरवायचं, समोरच्या एका मुलाचा विचार करून ठरवायचं आणि कारण नोंदवून ठरवायचं.

बेड्यांमुळे मुलाचं नुकसान काय होतं?

नुकसान दोन पातळ्यांवर होतं.

पहिलं कायदेशीर. हात कमरेला जखडलेले असतील तर मुलाला कागदावर काही लिहून वकिलाकडे सरकवता येत नाही, समोर ठेवलेली कागदपत्रं चाळता येत नाहीत. बेड्या टोचत असतील तर साक्षीदार काय बोलतोय याकडे लक्ष राहत नाही. आधीच न्यायालयाची भाषा मुलांना कळायला अवघड, त्यात ही भर.

दुसरं मानसिक. किशोरवयात 'लोक मला कसं बघतात' या प्रश्नाभोवती सगळं फिरत असतं. आईवडिलांसमोर साखळदंडात उभं राहावं लागलं, तर 'मी गुन्हेगारच आहे' ही ओळख मुलाच्या मनात पक्की होऊ शकते. कोठडीत येणाऱ्या अनेक मुलांनी घरात किंवा बाहेर मारहाण, अत्याचार सोसलेले असतात. त्यांच्यासाठी बांधून ठेवलं जाणं म्हणजे जुनी जखम पुन्हा उघडी करणं. अमेरिकेतल्या बाल आणि किशोर मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये सरसकट बेड्या घालण्याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

मुलाने पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये, हा बाल न्यायालयाचा उद्देश. त्यासाठी न्यायाधीशांचं बोलणं त्याला पटायला हवं. बांधलेल्या मुलाला 'आम्ही तुझ्या भल्यासाठी आहोत' हे पटवून देणं कुणालाही कठीणच जाईल.

मायामीत काय घडलं?

फ्लोरिडा राज्यातल्या मायामी-डेड काउंटीत गरीब आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणाऱ्या वकिलांचं एक कार्यालय आहे. त्यांना तिथे 'पब्लिक डिफेंडर' म्हणतात. २००६ मध्ये या कार्यालयाचे तत्कालीन प्रमुख बेनेट ब्रमर यांच्या काळात वकिलांनी मुलांच्या बेड्या काढाव्यात यासाठी न्यायालयात अर्ज करायला सुरुवात केली. मुलाने काय केलंय म्हणून तो बांधलेला आहे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. न्यायाधीशांना तो पटला आणि तिथली सरसकट पद्धत बंद झाली.

पुढे काय होईल याची धास्ती अनेकांना होती. मुलं पळतील, मारामाऱ्या होतील, असं सांगितलं जात होतं. ब्रमर यांच्यानंतर या कार्यालयाचे प्रमुख झालेले कार्लोस मार्टिनेझ यांनी पाच वर्षांनी, २०११ मध्ये आकडा मांडला: तोपर्यंत कोठडीतली २०,००० हून अधिक मुलं बेड्यांशिवाय न्यायालयापुढे आली होती. कुणी पळून गेलं नाही, कुणाला इजा झाली नाही.

हे आकडे एका काउंटीचे आहेत आणि ते मांडणारं कार्यालय मुलांची बाजू लढवणारं आहे, हे खरं. पण बेड्या काढल्या की अनर्थ ओढवेल, हा दावा मात्र तिथे टिकला नाही.

फ्लोरिडाचा नियम नेमका काय सांगतो?

डिसेंबर २००९ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण राज्यासाठी नियम बदलला. १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. सरसकट बेड्या घालण्याची पद्धत मुलांचा अपमान करणारी आणि बाल न्यायाच्या मूळ हेतूशीच विसंगत आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

नियम सोपा आहे. मूल न्यायालयासमोर येण्याआधी बेड्या काढायच्या. त्या ठेवायच्या असतील तर न्यायाधीशांची दोन गोष्टींबद्दल खात्री पटायला हवी.

पहिली गोष्ट म्हणजे पुढीलपैकी किमान एक कारण:

- मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणं टाळण्यासाठी बंधन गरजेचं आहे.
- न्यायालयात इतरांना धोका होईल असं वागण्याचा मुलाचा इतिहास आहे, किंवा त्याच्या अलीकडच्या वागण्यावरून तसा मोठा धोका दिसतो.
- मूल पळून जाण्याचा मोठा धोका आहे, असं मानायला ठोस आधार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे याहून सौम्य उपाय उरलेला नाही. जवळ एक पोलिस किंवा न्यायालयाचा कर्मचारी उभा करून काम भागत असेल, तर बेड्या घालता येत नाहीत.

म्हणजे ही बंदी पूर्ण नाही. खरोखर धोकादायक प्रसंगात बेड्यांची वाट खुली आहे. बदललं ते ओझं. पूर्वी बेड्या काढण्यासाठी मुलाच्या वकिलाला भांडावं लागायचं. आता त्या ठेवण्यासाठी कारण शोधावं लागतं.

इतर राज्यांनी काय केलं?

उत्तर कॅरोलायनाने २००७ मध्येच कायदा केला होता. दक्षिण कॅरोलायनात २०१४ मध्ये, कनेक्टिकटमध्ये २०१५ मध्ये कायदे झाले. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये राज्यभरासाठी नियम केला. कुठे विधिमंडळाने कायदा केला, कुठे न्यायालयाने नियम केला, तर कुठे एखाद्या खटल्याच्या निकालातून बदल झाला.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या लुझर्न काउंटीत मार्क सियावरेला आणि मायकेल कोनाहन या दोन न्यायाधीशांनी खासगी सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण २००९ मध्ये उघडकीस आलं. किरकोळ चुकांसाठी मुलांना सुधारगृहात धाडलं जात होतं. अनेक मुलांना वकीलही मिळाला नव्हता. सियावरेलाला २०११ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. या घोटाळ्यानंतर राज्यात मुलांच्या न्यायव्यवस्थेची झाडाझडती झाली आणि २०११ मध्ये नियम, तर २०१२ मध्ये कायदा करून न्यायालयात मुलांवर बंधनं वापरण्याला मर्यादा घातल्या गेल्या.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला, की बेड्या नकोत हेच सगळीकडे मूळ गृहीत असावं आणि अपवाद करण्याआधी मुलाची बाजू ऐकून घेतली जावी. त्याच वर्षी बाल आणि कौटुंबिक न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या राष्ट्रीय परिषदेनेही अशीच भूमिका घेतली. हा पाठिंबा महत्त्वाचा होता, कारण न्यायालयाच्या सुरक्षेची काळजी सगळ्यात जास्त त्यांनाच असते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय?

तेही ऐकायला हवं. बाल न्यायालयात येणारी सगळीच मुलं लहानखुरी नसतात. १७ वर्षांचा धिप्पाड मुलगा, गंभीर मारहाणीचा आरोप, समोर तक्रारदाराचं कुटुंब आणि छोट्याशा खोलीत एकच पहारेकरी, असा प्रसंग येऊ शकतो. ग्रामीण भागातल्या न्यायालयांत मनुष्यबळ कमी असतं. शिवाय सगळ्यांना एकच नियम लावला की भेदभावाचा आरोप होत नाही आणि काही घडलं तर कर्मचाऱ्यांवर ठपका येत नाही, असंही सांगितलं जातं.

यातली धोक्याची चिंता नियमांनी मान्य केली आहे, म्हणूनच अपवाद ठेवलेत. मनुष्यबळाचा मुद्दा मात्र न्यायालयांनी फारसा उचलून धरला नाही. पहारेकरी नेमण्याची जबाबदारी सरकारची. ती पार पडत नाही म्हणून मुलाला साखळीत ठेवणं हा उपाय होऊ शकत नाही.

मग अमेरिकेत प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. हे नियम मुख्यतः न्यायालयाच्या खोलीपुरते आहेत. कोठडीतून न्यायालयात नेताना बेड्या घालणं अनेक ठिकाणी सुरूच आहे. काही गंभीर गुन्ह्यांत अल्पवयीन मुलांवर प्रौढांच्या न्यायालयात खटला चालतो, तिथे बाल न्यायालयाचे नियम आपोआप लागू होत नाहीत. आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे कुठल्या हद्दीत मूल पकडलं गेलं, यावरही बरंच अवलंबून असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानुसार आरोप असलेल्या मुलालाही सन्मानाने वागवायला हवं. या कराराच्या समितीने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की मुलाकडून स्वतःला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि बाकी सगळे उपाय संपले असतील, तरच बंधन किंवा बळ वापरावं. अमेरिकेने या करारावर १९९५ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मंजुरी दिलेली नाही. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

कागदावर भारताचा नियम अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांपेक्षा कडक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम २०१५ हा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ सांगतो, की आरोप असलेल्या मुलाला ताब्यात घेताना पोलिसांनी हातकडी, साखळी किंवा कुठलीही बेडी घालू नये आणि जबरदस्ती करू नये. गुन्हा गंभीर असेल तर चालेल, असा अपवाद त्यात नाही.

याशिवाय:

- मुलाला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.
- ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं.
- मुलाचं प्रकरण हाताळणारा बालकल्याण पोलिस अधिकारी गणवेशात नसावा, साध्या कपड्यांत असावा.
- मंडळाची जागा नेहमीच्या न्यायालयासारखी आणि मुलाला धाक वाटेल अशी नसावी. मंडळाने उंच मंचावर बसू नये आणि मुलासमोर पिंजरा किंवा कठडा नसावा.

बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक महिला असते. १६ ते १८ वयातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. 'त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालणार' असं बातम्यांत म्हणतात ते याबद्दल. पण तेवढ्यावरून त्याला बेड्या घालायची मुभा मिळत नाही.

मोठ्या आरोपींबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये 'प्रेमशंकर शुक्ला' खटल्यात सरसकट हातकडी घालणं अमानुष ठरवलं होतं. १९९५ मध्ये आसाममधल्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की कैद्याला न्यायालयात नेता-आणताना दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हातकडी घालू नये.

नव्या फौजदारी कायद्याने यात बदल झाला का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये पोलिसांना काही गुन्ह्यांत हातकडी वापरण्याची मुभा आहे. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला आरोपी, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, दहशतवाद अशी यादी त्यात आहे.

मग खुनाचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलाचं काय? बाल न्याय कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय, की इतर कुठल्याही कायद्यात काहीही असलं, तरी आरोप असलेल्या मुलांना ताब्यात घेणं आणि त्यांच्यावरची कारवाई याबाबत हाच कायदा लागू राहील. त्यामुळे कलम ४३ दाखवून अल्पवयीन मुलाला हातकडी घालता येत नाही.

मग अडचण कुठे येते?

सगळ्यात मोठी अडचण वयाची. पोलिसांनी १९ वर्षं लिहिलं, की मूल कागदोपत्री प्रौढ झालं. मग हातकडी, पोलिस कोठडी, नेहमीचं न्यायालय हे सगळं ओघाने आलं. शाळा अर्धवट सुटलेली, जन्माची नोंद नाही, घर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात, अशा मुलांवर ही वेळ येण्याचा धोका जास्त.

म्हणून कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवण्याचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आणि गुन्हा घडला तेव्हा आपण अल्पवयीन होतो, हा दावा कुठल्याही टप्प्यावर, अगदी खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो.

मुलाला बेड्या घातल्याचं दिसलं तर कुटुंबाने काय करावं?

- वयाचा पुरावा लगेच मिळवा: शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाइड किंवा जन्म दाखला. पोलिसांना आणि मंडळाला त्याची प्रत द्या.
- मंडळासमोर किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच हजेरीत बेड्यांचा मुद्दा तोंडी मांडा आणि तो नोंदवून घ्यायला सांगा. अर्ज लेखी देता आला तर उत्तम.
- वकील परवडत नसेल तरी अडू नका. मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आणि फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

एखादा गाजलेला गुन्हा घडला, की पोलिसांनी पकडलेल्या मुलाचे फोटो आणि व्हिडिओ काही मिनिटांत व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. सोबत नाव, शाळा, गल्ली, आईवडिलांचं नाव. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ याला मनाई करतं. आरोप असलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त वर्तमानपत्रं आणि टीव्हीपुरतं नाही. इतर संवादमाध्यमंही त्यात येतात.

हातातली बेडी सुनावणी संपली की निघते. मोबाइलमधला फोटो मात्र त्या मुलाच्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत, लग्नाच्या बोलणीपर्यंत मागे येत राहतो, मंडळाने त्याला निर्दोष ठरवलं तरी. त्यामुळे असा फोटो आला तर पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकणाऱ्यालाही तो काढायला सांगा.